भाऊ आत, बाकीचे गॅलरीत

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला नोकरी, गाव, पगार यातलं काहीच विचारलं नाही. मी जिना चढून वर आले, चपला काढल्या, आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत पहिला प्रश्न टाकला.

"कोणी आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलगा. भेटायला येणारा. आहे का कोणी?"

अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला तोवर मी बरीच घरं पालथी घातली होती. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती आणि वांगणीच्या पुढच्या माझ्या गावाहून रोजचं जाणं-येणं जमत नव्हतं. प्रत्येक घरमालकिणीने 'मुलं आणायची नाहीत' हे दारातच सांगितलं होतं, आणि त्यावर मान खाली घालून 'छे, छे' म्हणायची मला सवय झाली होती. 'कोणी आहे का' असं सरळ कुणी विचारेल याची तयारीच नव्हती. मी म्हणाले, "मावसभाऊ आहे एक. बदलापूरला असतो, मांजर्लीला. येईल कधीमधी."

"मावसभाऊ असेल तर आत येऊ दे," बाई म्हणाल्या. "नसेल तर गॅलरीत बसवायचं."

बाईंचं घर पहिल्या मजल्यावर. जिना बाहेरून, आणि तो चढलं की आधी लांबलचक गॅलरी, मग घराचं दार. गॅलरीत समोरासमोर दोन लोखंडी खुर्च्या. बाईंच्या शाळेने जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा त्यांनी त्या उचलून आणल्या होत्या. खाली देवळाकडे जाणारा रस्ता. हारवाले, दूधवाले, सोमवारचे भाविक, शाळेची पोरं, सगळं गाव त्या गॅलरीखालून जायचं आणि जाताना मान वर करून बघायचं.

नियम सोपा होता. नातेवाईक आत, पंख्याखाली, सोफ्यावर. आणि ज्याच्यासाठी आरशात दोनदा बघितलं जातं तो गॅलरीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तिसरी जागा बाईंच्या घरात नव्हती.

पुढच्या रविवारी माझा मावसभाऊ आला. त्याला मी फोनवर पढवून ठेवलं होतं, तुझी आई आणि माझी आई बहिणी, नावं ही, गाव हे. बाई दारात उभ्या राहिल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "या. मावसभाऊ ना? आत या." त्याने एक चप्पल काढली. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, त्या दोन खुर्च्यांकडे बघितलं. आणि म्हणाला, "मी इथेच बसतो."

बाई आत गेल्या, चहा घेऊन आल्या, कप त्याच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुलगा बरा आहे. तू खोटारडी आहेस."

त्या दिवसापासून त्याचं नाव 'मांजर्ली' पडलं. माझ्या लग्नानंतरही बाईंनी ते बदललं नाही.

बाई उल्हासनगरला कॅम्प चारच्या शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय लागलेला तो आवाज भाजीवाल्याशी बोलतानाही खाली यायचा नाही. आणि सगळ्यांच्या नात्यांची जाहीर नोंद ठेवण्याचा त्यांना छंदच होता. बाजारात कुणी भेटलं की माझ्या दंडाला धरून सांगायच्या, "ही माझी भाडेकरू. आणि तो पिशवी धरून उभा आहे ना, तो हिचा होणारा. अजून घरी सांगितलेलं नाही." ज्या बाईला त्या हे सांगायच्या तिने फक्त कोथिंबिरीचा भाव विचारलेला असायचा. मला तेव्हा जमीन दुभंगावी असं वाटायचं. मांजर्ली मात्र पिशवी सांभाळत त्या बाईला नमस्कार करायचा.

'फ्रेंड' हा शब्द त्यांना चालायचा नाही. माझ्या शेजारच्या खोलीत एक नर्स राहायची. तिने एकदा कुणाची तरी ओळख "माय फ्रेंड" अशी करून दिली तर बाई म्हणाल्या, "फ्रेंड हे उत्तर नाही, ती पळवाट आहे. कोण लागतो ते सांग." ती बिचारी म्हणाली, "अजून ठरलेलं नाही." बाई लगेच मऊ झाल्या. "हे चालेल. ठरेपर्यंत गॅलरी."

पावसाळ्यात गॅलरीवर निळी ताडपत्री बांधायची, पण वरून फक्त. समोरून कधीच नाही. पाण्याचे शिंतोडे येऊन बसलेल्यांचे गुडघे भिजायचे, तरी नाही. संध्याकाळी दिवा लावायचा तोही मोठा, पांढरा, खालच्या हारवाल्याला उजेड पुरेल असा. समोरच्या बंगल्यात ऑर्डनन्स फॅक्टरीतले एक रिटायर्ड ऑफिसर राहायचे, ते एकदा सकाळचा फेरफटका थांबवून खालूनच म्हणाले, "बाई, हे काही बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत नाही?"

"हेच. मुलं-मुली अशी उघड्यावर बसलेली."

"मग कुठे बसू दे त्यांना?" बाईंनी वरून विचारलं. "देवळामागे नाल्याच्या काठाला बसतात, तोंडाला ओढण्या बांधून. तिथे वॉचमन काठी आपटतो. इथे तुम्ही दोन्ही वेळा जाता-येता बघता, मी लसूण सोलत बघते. याहून जास्त राखण कुठली हवी?"

ऑफिसरसाहेब निघून गेले. पण त्यानंतरही त्यांनी त्यांचा फेरफटक्याचा रस्ता बदलला नाही हे मी नोंदवून ठेवते.

खरं सांगायचं तर त्या गॅलरीत प्रेमबीम फारसं व्हायचं नाही. रस्त्यावरून कुणी "काय मग, कधी?" असं ओरडत असताना माणूस काय बोलणार? आम्ही लाइट बिलं, कंपनीतल्या कटकटी, त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली गिऱ्हाइकं यांबद्दल बोलायचो. पण देवळामागे बसायचो तेव्हा कुणाच्याही पावलांचा आवाज आला की त्याचा हात माझ्या हातातून निसटायचा. गॅलरीत हात धरला नव्हता, त्यामुळे तो निसटलाही नाही. त्याच्याकडे नीट बघायला मी तिथे शिकले.

त्या नर्सचं ठरता ठरता मोडलं. तेव्हा बाईंनी तिला खोलीत कडी लावून बसू दिलं नाही. गॅलरीत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि समोर स्वतः लसणाची परडी घेऊन बसल्या. ती रडत होती आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण वर बघत होता. कुणी विचारलं की बाई सांगायच्या, "हिचं मोडलंय. आज काही बोलू नका." दुसऱ्या दिवशी हारवाल्याच्या बायकोने तिला न मागता गजरा दिला. डेअरीवाला म्हणाला, "ताई, जाऊ द्या, तो दिसायलाही काही खास नव्हता." चौथ्या-पाचव्या दिवशी ती हसली.

मला ते क्रूर वाटलं होतं. मी बाईंना तसं म्हणाले. त्यांनी लसूण बाजूला ठेवला आणि जी गोष्ट सांगितली ती त्यांच्या नेहमीच्या आवाजात नव्हती, म्हणून मला खुर्ची पुढे ओढून घ्यावी लागली.

नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्याच शाळेत एक मास्तर होते. दोघं कितीतरी वर्षं भेटत राहिली, चोरून. शाळेत एकमेकांशी भांडल्यासारखं वागायचं आणि संध्याकाळी देवळामागे भेटायचं. मग त्या मास्तरांनी गावाकडची मुलगी केली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. बाईंनीही पेढा घेतला, खाल्ला, आणि 'गोड आहे' म्हणाल्या.

"कुणाला माहीतच नव्हतं," बाई म्हणाल्या. "तर मी रडणार कुणासमोर? आई विचारायची, तोंड का उतरलंय. डोकं दुखतंय म्हणायची. सगळं वर्षभर माझं डोकं दुखत होतं. लपवलेलं मोडलं ना, की रडायलाही लपावं लागतं." मग त्यांनी परडी परत मांडीवर घेतली. "माझ्या घरात राहणाऱ्या मुलीवर ती वेळ यायला नको, एवढंच."

बाईंनी पुढे लग्न केलं नाही. त्या घराची, त्या गॅलरीची गोष्ट मला त्या दिवशी कळली असं मी समजले. अर्धीच कळली होती.

कारण बाईंच्या घरी दर शुक्रवारी एक माणूस यायचा आणि तो गॅलरीत बसायचा.

सिंधी माणसाला आदराने म्हणतात तसं त्यांना सगळे साईं म्हणायचे. कॅम्प चारला त्यांचं बटणं, चेन, लेस असल्या सामानाचं दुकान होतं. शुक्रवारी दुकान बंद. पांढरा सदरा, पांढरी पँट, हातात पापडांचं पुडकं. हळूहळू जिना चढायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "बाई, पापड भाजा." बाई पापड भाजून आणायच्या, पाण्याचा तांब्या ठेवायच्या. मग संध्याकाळपर्यंत दोघं बसायची. ते दुकानातल्या गमती सांगायचे, त्या चुकीचं मराठी सुधारायच्या. "चहा चांगली झाली" असं ते म्हणायचे आणि बाई म्हणायच्या, "चांगला झाला." पुढच्या शुक्रवारी चहा पुन्हा चांगली व्हायची. साईंची बायको मी अंबरनाथला येण्याच्या कितीतरी आधी गेली होती.

आणि जगभराच्या नात्यांची चौकशी करणाऱ्या आमच्या बाई साईंची ओळख कशी करून द्यायच्या? "हे आमचे गणवेशाचे साईं." कधीकाळी शाळेच्या गणवेशांना बटणं साईंच्या दुकानातून जायची, म्हणून.

"बाई, तुम्हाला शाळा सोडून किती वर्षं झाली?" मी विचारायची.

"मग? ओळख सुटते का?"

"पण मग ते गॅलरीत का बसतात? ओळखीचे आत बसतात."

"त्यांचे गुडघे दुखतात," बाई म्हणायच्या. "उंबरा चढवत नाही."

साईं खालपासून पूर्ण जिना चढून वर यायचे. उंबरा चार बोटं उंच होता. मी आणि मांजर्ली एकमेकांकडे बघायचो आणि बाई आम्हाला दळण आणायला पाठवून द्यायच्या.

आणखी एक गंमत होती. साईं बटणांचे व्यापारी, पण त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याला वरून दुसरं बटण कधी नसायचं. सदरा बदलला तरी नसायचं. बाईंचं लक्ष बोलताना सारखं तिथे जायचं. एकदा न राहवून म्हणाल्या, "अहो, दुकानभर बटणं आहेत तुमच्या, एक लावून घ्या की." साईं हसून म्हणाले, "लगानेवाला कोण आहे बाई?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघितलं. "अंगावरचा कपडा शिवू नये म्हणतात," बाई म्हणाल्या आणि पाणी आणायला उठल्या. तांब्या भरलेला होता.

मांजर्लीच्या आईला आमचं कळलं ते पुरामुळे. उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं, तळमजल्यावरचं त्यांचं घर भरलं, आणि तो आईला घेऊन ओळखीच्या टेम्पोतून अंबरनाथला आला. "एका ओळखीच्यांकडे जाऊ" एवढंच त्याने तिला सांगितलं होतं. आई जिना चढून वर आली ती नखशिखांत भिजलेली, छातीशी देवघरातल्या देवांची पिशवी. बाई दारात उभ्या.

"या. तुम्ही हिच्या कोण लागता?"

"मी? मी कुणी नाही हो," ती बिचारी म्हणाली. "आमच्या घरात पाणी शिरलंय."

बाईंनी मांजर्लीकडे बघितलं. "सांगितलेलं नाहीस?"

"सांगणारच होतो."

"मग सांग आता. म्हणजे यांना कुठे बसवायचं ते मला कळेल."

तो तिथेच, ताडपत्रीवरून गळणारं पाणी डोक्यावर घेत म्हणाला, "आई, मला हिच्याशी लग्न करायचंय." आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या अंगावर कंपनीचा मळका ॲप्रन होता, केसांना तेल होतं. ती म्हणाली, "ते बघू. आधी अंग पुसायला काहीतरी द्या."

"सासू," बाई म्हणाल्या. "म्हणजे आत." आणि टॉवेल आणायला गेल्या. पाणी उतरेपर्यंत त्या बाईचे देव बाईंच्या देवांशेजारी राहिले, आणि माझ्या घरी सांगायला पुढे सासूबाई स्वतः वांगणीच्या पुढे आमच्या गावी गेल्या.

लग्न झाल्यावर आम्ही बाईंकडे गेलो तर त्यांनी आम्हाला आत बसवलं. पंखा लावला, सरबत दिलं. सोफ्यावर शेजारी-शेजारी बसून आम्हाला काय बोलावं ते सुचेना. मांजर्ली परत येताना म्हणाला, "लग्न झालं आणि गॅलरी गेली." तेव्हा हसले, पण त्याचं म्हणणं खरं होतं. बदलापूरला आमच्या घरी मी मुद्दाम गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या आहेत.

मग एकदा शुक्रवारी सुट्टी टाकून मी बाईंना भेटायला गेले. गॅलरीत एका खुर्चीवर बाई होत्या आणि दुसऱ्या खुर्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी कधी त्या खुर्चीवर काही ठेवलेलं पाहिलं नव्हतं.

"साईं?"

"न्हाणीत पडले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं." बाई मिरच्या वरखाली करत होत्या. "मुलगा इंदूरला धंदा सुरू करतोय. सगळं घरच हलतंय. परवा रविवारी निघणार."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. फोन केला होता. फोनवर काय बोलणार? काळजी घ्या म्हटलं."

"आणि भेटायला गेला होतात?"

"नाही."

"या म्हणाले नाहीत?"

"नाही. मीही विचारलं नाही." बाईंच्या आवाजातला तो शेवटचा बाक कुठेतरी हरवला होता. "कोण लागते म्हणून जाऊ मी? सून दार उघडेल आणि विचारेल, आप कौन. काय सांगू तिला? शाळेच्या बाई? मोडलेल्या हाडाला बघायला शाळेच्या बाई येतात का?"

त्यांच्या पापण्या ओल्या होत्या. मिरच्यांचं निमित्त तयारच होतं. मी विचारलं असतं तर डोळ्यात मिरची गेली म्हणाल्या असत्या, आणि मग वर्षभर रोज मिरची जात राहिली असती. मला फार वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. ज्या बाईने मला भर बाजारात उघडं पाडलं, त्या बाईसाठी आलेला राग.

"तुम्हीच म्हणाला होतात ना," मी म्हणाले, "लपवलेलं मोडलं की रडायलाही लपावं लागतं. रविवारी साईं गेले की तुम्ही कुठे बसून रडणार आहात, बाई?"

त्या उठल्या. आत गेल्या. मला वाटलं, दुखावल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन.

"खाली रिक्षा थांबव," म्हणाल्या. "आणि त्या मिरच्या त्या खुर्चीवरून काढ."

रिक्षात त्या स्वतःशीच हिंदी घोकत होत्या. "मैं स्कूल की टीचर... नहीं. मैं पहले स्कूल में... नहीं." त्यांची शाळा डावीकडून मागे गेली तेव्हा त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

साईंचं घर निर्वासितांच्या जुन्या बराकीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत होतं, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात जीन्स शिवायची मशिनं चालू होती. सुनेने दार उघडलं. मागे खोके, दोऱ्या, बांधलेल्या गाद्या दिसत होत्या.

"जी, किससे मिलना है?"

"साईं हैं क्या?" बाई म्हणाल्या. "मैं उनकी... वो क्या है, स्कूल में..."

आणि थांबल्या. जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्यांच्या समोर उभा होता आणि त्यांना उत्तर येत नव्हतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी माझा हात दाबला.

"आपके इधर गॅलरी है क्या?" त्यांनी विचारलं.

"गॅलरी?"

"हां. मैं अंदर नहीं बैठूंगी. गॅलरी में बैठूंगी."

बाईंच्या घराचा नियम त्या मुलीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मला ठाऊक होता.

ती बाईंकडे बघत राहिली. मग हळूच हसली. "आप अंबरनाथ से आई हैं?"

"हां."

"पापा हर शुक्रवार को शिवमंदिर जाते थे. बोलते थे, दर्शन के लिए जाता हूं." ती दारातून बाजूला झाली. "शंकरजी का तो सोमवार होता है ना, आंटी. मैं कभी कुछ बोली नहीं. आइए."

"गॅलरी..."

"गॅलरी अंदर से है. पहले अंदर तो आना पडेगा."

बाईंच्या नियमात याची तरतूद नव्हती. त्या उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या. मग साडी किंचित वर धरून त्यांनी पाय आत टाकला. हा उंबराही फार उंच नव्हता.

गॅलरीत कपडे वाळत होते. सुनेने ते बाजूला सरकवले, मी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या लावल्या. साईं वॉकर धरून एकेक पाऊल टाकत आले. बारीक झाले होते. बाईंना बघून मध्येच थांबले.

"बाई? तुम्ही इधर?"

"देवळाचं नाव सांगत होतात घरी?" बाई एकदम कडाडल्या. आवाज परत आला होता. "इतकी वर्षं खोटं? तेही शुक्रवारी शंकर?"

साईं सावकाश खुर्चीत बसले. दम घेतला. "और आप मेरे को क्या बोलते थे?" ते म्हणाले. "युनिफॉर्मवाला. इतने साल हो गए, एक बटण तो लिया नहीं आपने."

बाईंची नजर त्यांच्या सदऱ्यावरच्या रिकाम्या काजाकडे गेली.

समोरच्या गॅलरीत एक बाई नव्या जीन्सचे धागे कापत बसली होती. तिने तिथूनच हाक मारली, "कौन आया है, भाभी?" सुनेने एकदा सासऱ्यांकडे बघितलं, एकदा बाईंकडे. ती काही बोलायच्या आत साईंनी वॉकरवर हात टेकून मान वर केली.

"सब पूछते थे ना, शुक्रवार को मैं किधर जाता हूं?" ते म्हणाले, आणि त्या अशक्त माणसाने इतक्या मोठ्याने म्हटलं की खालचं एक मशिन थांबलं. "इनके पास जाता हूं."

बाईंनी पर्स उघडली. आतून सुई काढली, पांढरा दोरा ओवलेली, आणि एक बटण. ती सुई त्या पर्समध्ये कधीपासून होती ते मी आजवर विचारलेलं नाही.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "हा दोऱ्याचा तुकडा तोंडात धरा. अंगावर शिवताना धरतात."

साईंनी शहाण्या मुलासारखा दोरा तोंडात धरला. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि भर दुपारी, भर वस्तीत, खालून दोन-तीन कामगार मान वर करून बघत असताना, त्यांच्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण लावलं. कात्री नव्हती. शेवटी वाकून, त्यांच्या छातीपाशी तोंड नेऊन, दोरा दातांनी तोडला. समोरच्या बाईची कात्री हातात तशीच राहिली होती. सून पापड आणि पाणी घेऊन आली, दारातच थांबली, आणि ताट माझ्या हातात देऊन आत गेली.

रविवारी साईं इंदूरला गेले.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी कामावरून परस्पर बाईंकडे गेले. लांबूनच त्या दिसल्या. गॅलरीत नेहमीच्या खुर्चीवर, मांडीत लसणाची परडी. समोरची खुर्ची पुसून रिकामी ठेवलेली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. हारवाला, डेअरीवाला, देवळाकडे निघालेल्या बायका, सगळे वर बघत होते.

समोरच्या बंगल्यातले ऑफिसरसाहेब फेरफटक्यावरून येत होते. ते गॅलरीखाली थांबले. मला वाटलं, आता म्हणणार, बरं दिसत नाही.

"बाई, काय झालं हो?" त्यांनी विचारलं.

"साईं इंदूरला गेले," बाई म्हणाल्या. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "कायमचे."

"अच्छा. ते गणवेशाचे साईं ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "माझे."

ऑफिसरसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. बाई लसूण सोलत राहिल्या आणि सगळ्या रस्त्यादेखत, पोटभर रडल्या.